उखळांतला तांदूळ आणि गिरणींतला तांदूळ

मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वरळी आणि माहीम यांच्या दरम्यान, प्रभादेवी नांवाची जी वस्ती आहे, तेथें आज उंच इमारती, कचेऱ्या आणि सिद्धिविनायकाच्या दर्शनास लोटणारी गर्दी यांवांचून फारसें कांहीं दृष्टीस पडत नाहीं. या टापूंत एके काळीं पावसाळ्यांत भाताची लावणी होत असे, असें सांगितलें तर नवख्या माणसास तें खरें वाटावयाचें नाहीं. परंतु या बेटाचे जुने कागद चाळले, तर नारळ, मासळी आणि मीठ यांच्या जोडीला 'बॅटी' हा एक चमत्कारिक शब्द त्यांत वारंवार आढळतो. आपल्या 'भात' या शब्दाचा परक्यांच्या जिभेवर झालेला हा अवतार होय. पोर्तुगीज अमदानींत येथील वसूल भाताच्या मुड्यांत मोजला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दींत वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें, आणि भरतीचें पाणी आंत शिरेनासें झाल्यावर आणखी पुष्कळ जमीन लागवडीखालीं आली.

प्रभावती देवीचें देऊळ अठराव्या शतकाच्या आरंभींचें. तिची यात्रा पौषी पौर्णिमेस, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेस, भरते. भात झोडपून घरांत येऊन पडलें आणि शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळाली, असा तो हंगाम. सिद्धिविनायकाचें देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजीं उभें राहिलें, तें देऊबाई पाटील या बाईच्या पैशानें. बाई आगरी समाजांतली. मीठ पिकविणें आणि खाजणांत भात लावणें हा त्या समाजाचा पिढीजात धंदा. तेव्हां ज्या देवळापुढें आज अर्धी मुंबई हात जोडून उभी राहते, त्याच्या पायाखालीं भातशेतीचा चिखल आहे, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं.

शेतांतून आलेलें भात आणि ताटांत वाढला जाणारा भात यांमध्यें एक मोठें काम असे, आणि तें बहुतेक घरीं बायकांकडे असे. प्रथम घिरटांत अगर उखळांत घालून भातावरचें तूस काढावयाचें, सुपानें पाखडावयाचें, आणि मग हातीं आलेला तांबूस दाणा मुसळानें पुन्हां सडावयाचा. या सडण्यांत दाण्याभोंवतींचा जो पातळ पापुद्रा सुटतो तोच कोंडा. शंभर शेर भातांत तूस सुमारें वीस शेर आणि कोंडा आठ ते दहा शेर निघतो. तूस जनावरही खात नाहीं. कोंडा गाईम्हशींना आणि कोंबड्यांना जातो. मुळींच न सडलेला तो असडी तांदूळ, घरीं मुसळानें सडलेला तो हातसडीचा. आज दुकानांत 'ब्राऊन राइस' म्हणून जो मिळतो तो या पहिल्या जातीचा. हातसडीचा तांदूळ त्याहून थोडा उजळ असतो, कारण त्याचा कांहीं कोंडा गेलेला असतो. सगळा मात्र गेलेला नसतो. मुसळ उचलणारीचे खांदे भरून आले कीं सडणें थांबे, आणि दाण्याला चिकटलेला उरलासुरला कोंडा तसाच हंड्यांत जाई. तो ठेवावा असा कोणाचा बेत नव्हता.

कोंड्याविषयीं लोकांचें मत कधींच चांगलें नव्हतें. गरिबींत कसेंबसें निभावून नेणें याला मराठींत 'कोंड्याचा मांडा करणें' म्हणतात. पांढराशुभ्र भात हें सणावाराचें आणि सुस्थितीचें लक्षण. तांबूस भात हा कुणबाऊ. उखळ-मुसळाला स्वतःला मात्र मोठा मान. लग्नघरीं घाणा भरतांना मुसळांना आंब्याचीं पानें बांधून सुवासिनी तीं हातीं धरतात, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. ज्या घरांत वर्षभर मुसळाचा उपयोग नाहीं, त्या घरींही त्या दिवसापुरतें तें कोठून तरी मागून आणावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही व्यवस्था मोडली. ब्रह्मदेशांत रंगूनच्या बंदरांत वाफेवर चालणाऱ्या प्रचंड भात-गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेथला तांदूळ गलबतें भरभरून मुंबईस येऊं लागला. मांडवीच्या भातबाजारांत त्याच्या राशी पडत. पुढें लहान गांवांतूनही 'हलर' नांवाचें सुटसुटीत यंत्र पोंचलें. यंत्राला खांदे नाहींत. तें थकत नाहीं. त्यांतून निघालेला दाणा मोत्यासारखा पांढरा, गुळगुळीत आणि टिकाऊ. टिकाऊ अशासाठीं कीं कोंड्यांत तेलाचा अंश असतो आणि तें तेल खवट होतें; कोंडा गेला कीं तांदूळ महिनोन्‌महिने कोठारांत राहूं शकतो. दूरच्या बाजारासाठीं माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला याहून अधिक काय हवें होतें?

याच सुमारास प्रभादेवी, परळ, लालबाग या भागांतल्या भातजमिनींवर कापडाच्या गिरण्या आणि कामगारांच्या चाळी उभ्या राहत होत्या. जेथें भात लावीत होते, तेथें आतां भात विकत घेऊन खाणारे लोक राहूं लागले. हे लोक बहुतांशीं कोंकणांतून आणि घाटावरून आलेले. त्यांतले पुष्कळ एकटे, खानावळींत जेवणारे. त्यांच्या ताटांत काय पडत होतें, याची पहिली पद्धतशीर मोजदाद १९२१–२२ सालीं मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालीं केली. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. गिरणी कामगाराच्या वांट्याला येणारें धान्य दुष्काळी कामावरील मजुराला मिळणाऱ्या कमाल शिध्याइतकें, परंतु तुरुंगांतील कैद्याला मिळणाऱ्या शिध्याहून कमी भरलें! या मोजणींत धान्याचें वजन आलें. धान्याच्या कोणत्या भागाचें काय झालें, हा प्रश्न तिच्या कक्षेंत नव्हता. तो प्रश्न तोंपर्यंत इतर देशांत मात्र माणसांच्या प्राणांची किंमत देऊन विचारला गेला होता.

पांढऱ्या तांदळावरच पोट असणाऱ्या लोकांत बेरीबेरी नांवाचा एक रोग होतो. प्रथम पायांना मुंग्या येतात, मग चालणें जड होतें, अंगावर सूज चढते, आणि शेवटीं हृदय बंद पडतें. १८८२–८३ सालीं जपानच्या आरमारांतील 'रियूजो' हें जहाज लांबच्या सफरीवर गेलें असतां त्यावरील ३७६ खलाशांपैकीं १६९ जणांना हा रोग जडला आणि २५ दगावले. डॉक्टर ताकाकी यांनीं दुसऱ्या वर्षीं दुसरें जहाज जवळजवळ त्याच मार्गानें धाडलें, मात्र खलाशांचें अन्न बदलून. त्या सफरींत या रोगानें एकही मृत्यू झाला नाहीं. गंमत अशी कीं ताकाकींची उपपत्ति चुकीची होती. अन्नांतील मांसवर्धक द्रव्य अपुरें पडल्यानें रोग होतो, असें ते समजत. उपाय बरोबर आणि कारण चूक, असें वैद्यकांत पुष्कळदां घडतें.

खरें कारण जावा बेटांत एका खुराड्यांत सांपडलें. डच डॉक्टर आइकमन यांच्या प्रयोगशाळेंतल्या कोंबड्या पाय लुळे पडून मरूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं असें दिसलें कीं, मधल्या काळांत त्यांना लष्करी इस्पितळांतला उरलेला पांढरा भात घालीत होते. नवीन आचारी आला, त्यानें सरकारी भात कोंबड्यांना घालण्याचें नाकारलें, आणि त्यांना पुन्हां असडी तांदूळ मिळूं लागला. एका आचाऱ्याच्या काटेकोरपणाचा शास्त्राला एवढा उपयोग क्वचितच झाला असेल. लगोलग फॉर्डरमन यांनीं जावांतील तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या कैद्यांत दर एकोणचाळीस माणसांमागें एकाला बेरीबेरी, तर असडी तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांमागें जेमतेम एकाला, असें प्रमाण त्यांना आढळलें. पांढऱ्या तांदळांत विष असावें अशी आइकमन यांची प्रथम समजूत होती. विष नसून कांहीं तरी उणें आहे, असें १९०१ सालीं त्यांचे सहकारी ख्रीन्स यांनीं दाखविलें. तें उणें म्हणजेच कोंड्यांतलें ब-१ जीवनसत्त्व. आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें कोंकणच्या चुलीकडे वळणें भाग आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या भागांतल्या माणसाचा खरा तांदूळ म्हणजे उकडा. भात तुसासकट भिजवावयाचें, मोठ्या हंड्यांत उकडावयाचें, उन्हांत वाळवावयाचें आणि मग कांडावयाचें, अशी त्याची रीत. या उकडण्यांत कोंड्यांतलें पाण्यांत विरघळणारें सत्त्व दाण्याच्या गाभ्यांत मुरतें. मग वरचा कोंडा यंत्रानें खरवडून काढला तरी सत्त्वाचा बराच अंश आंत राहतो. दाणा टणक होतो, त्याची कणी कमी होते. शहरांतल्या नाजूक नाकांना उकड्याचा वास सोसत नाहीं आणि त्याचा रंग मळकट दिसतो. परंतु पथ्यासाठीं उकड्या तांदळाची पेज, हा कोंकणांतल्या आजीबाईंचा उपाय निराधार नव्हता. शिवाय पेजेंत पाणी टाकून द्यावयाचें नसतें. भात वेळून निवळ मोरींत ओतण्याची जी शहरी पद्धत आहे, तींत तांदळांत उरलेलें ब-१ही वाहून जातें.

मलायांतील मजुरांतही हाच फरक दिसला होता. उकडा तांदूळ खाणारे तामीळ मजूर बेरीबेरींतून सुटत. पांढरा खाणारे चिनी मजूर त्याला बळी पडत. हिंदुस्थानांत कुन्नूरच्या आहारसंशोधन शाळेचे प्रमुख डॉ. ॲक्रॉइड यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९४० सालीं तांदळाच्या प्रश्नावर जो अहवाल लिहिला, त्यांतही या देशांत बेरीबेरीचें ठाणें मुख्यतः आंध्र किनाऱ्यावरच्या उत्तर सरकार भागांत, म्हणजे न उकडलेला, गिरणींत सडलेला तांदूळ खाणाऱ्या लोकांत असल्याचें नमूद आहे. मुंबईच्या चाळींत हा रोग तसा माजला नाहीं. याचें श्रेय कोणत्याही खात्याकडे जात नाहीं; गांवाहून येतांना बोचक्यांत बांधून आणलेला उकडा, घाटावरची भाकरी, डाळ आणि वरळी-माहीमची मासळी यांच्याकडे तें जातें, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

परंतु बेरीबेरी नाहीं म्हणजे आरोग्य आहे, असें नव्हे. प्रभादेवीहून पायीं जाण्याजोग्या अंतरावर परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. तेथें १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईंतल्या गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यास आली. हा रक्तक्षय साधा नव्हता. तो बाळंतिणींचे प्राण घेत असे. बाईंनीं रोगजंतु शोधले, ते सांपडले नाहींत. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. जनावरांना तसलेंच निकृष्ट अन्न घालून त्यांनीं प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें हा रक्तक्षय हटतो असें दाखविलें. १९३१ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें, आणि जगांतल्या गरोदर स्त्रियांना आज ज्या गोळ्या देतात त्यांचा उगम परळच्या त्या प्रयोगशाळेंत आहे. हें द्रव्य कोंड्यापेक्षां पालेभाज्यांत आणि डाळींत अधिक असतें, हें येथें सांगितलें पाहिजे. नाहीं तर सगळे गुण असडी तांदळाच्या पदरांत बांधल्यासारखें होईल.

तांदळाच्या इतिहासांतला पुढचा प्रसंगही प्रभादेवीच्या शेजारींच घडला. ऑक्टोबर १९३४ मध्यें राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन वरळीला भरलें. गांधीजी काँग्रेसमधून बाहेर पडले तें हेंच अधिवेशन, म्हणून इतिहासांत त्याची नोंद असते. परंतु त्याच मंडपांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापण्याचा ठराव झाला आणि त्याची जबाबदारी जे. सी. कुमारप्पा यांच्यावर सोंपविण्यांत आली. डिसेंबरांत वर्ध्याला संघाची स्थापना झाली; जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडींत त्याचें ठाणें पडलें. संघानें ज्या उद्योगांना प्रथम हात घातला त्यांत भात कांडणें हा एक होता. गांधीजींनीं 'हरिजन'मधून असडी तांदळाचा पुरस्कार चालविला. कुमारप्पांचा मुद्दा दुहेरी होता. गिरणी तांदळांतलें सत्त्व काढून घेते, आणि दुसऱ्यांच्या घरीं कांडण करून पोट भरणाऱ्या निराधार बाईची मजुरीही काढून घेते.

या दुसऱ्या मुद्द्यांत खोट नव्हती. तथापि दुसरी बाजूही होती आणि ती फारशी कोणी मांडली नाहीं. मजुरीनें कांडणारी बाई ही एक. आणि आपल्याच घरीं, पहाटे उठून, पाण्याच्या खेपा आणि चूल यांच्यामध्यें रोजचे दोन शेर तांदूळ फुकट सडणारी ही दुसरी. या दुसरीला हलर यंत्र देवासारखें वाटलें तर तिला दोष कसा द्यावा? हातसडीच्या बाजूनें व्याख्यानें देणाऱ्यांत मुसळ उचललेले हात थोडेच होते. पांढऱ्या तांदळाचा जय केवळ रंगामुळें झाला असें मानणें चूक आहे. निम्मा जय बायकांच्या खांद्यांनीं दिलेला आहे. आणि चाळींतल्या दहा हात लांबीच्या खोलींत, वरच्या मजल्यावर, उखळ घालावें कोठें हा प्रश्न वेगळाच.

मग युद्ध आलें. मार्च १९४२ मध्यें रंगून जपानच्या हातीं पडलें, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, आणि मे १९४३ मध्यें मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. तांदूळ कोणता, हा विचार मागें पडून तांदूळ मिळतो कीं नाहीं, हाच विचार उरला. स्वातंत्र्यानंतर हातसडीला पुन्हां राजाश्रय मिळाला. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५५ सालीं हातकांडणीला संरक्षण देण्याची शिफारस केली, आणि १९५८ सालीं भात-गिरण्यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. कायदा झाला, परवाने आले, आणि हलरही वाढत गेले. पुढें तो कायदाही रद्द झाला. हातसडीचा तांदूळ खादी भांडारांच्या फळ्यांवर उरला.

आज प्रश्नाचें रूप पालटलें आहे. डाळ, भाजी, दूध मिळणाऱ्या शहरी घरांत बेरीबेरीची धास्ती नाहीं. धास्ती आहे ती मधुमेहाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं जीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, त्यांप्रमाणें १०० ग्रॅम असडी तांदळांत ब-१ सुमारें ०.२७ मिलिग्रॅम, उकडून गिरणींत सडलेल्यांत ०.१७ आणि साध्या पांढऱ्यांत ०.०५ भरतें. चोथा असडींत सुमारें ४.४ ग्रॅम, पांढऱ्यांत २.८. मॅग्नेशियम तर जवळजवळ पांचपट. चोथ्यामुळें पचन सावकाश होतें आणि रक्तांतली साखर एकदम चढत नाहीं. रोजच्या पांढऱ्या तांदळांतील ५० ग्रॅम काढून तेवढाच असडी घेतला तर मधुमेहाचा धोका सुमारें १६ टक्क्यांनीं घटावा, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनीं २०१० सालीं अमेरिकेंतल्या डॉक्टर-परिचारिकांच्या मोठ्या पाहणीवरून काढला. चेन्नईच्या मधुमेह संशोधन संस्थेनें २०१४ सालीं स्थूल भारतीयांवर केलेल्या लहानशा प्रयोगांत असडी तांदळानें दिवसभराची साखरेची चढण पांचव्या हिश्शानें कमी झाली.

यावरून असडी तांदूळ म्हणजे औषध, असें समजून ताट भरून वाढून घेणाऱ्यांनीं थोडें थांबावें. उष्मांक दोहोंत जवळजवळ सारखेच. कोंड्यांतलें फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना धरून ठेवतें, आणि जेथील मातीपाण्यांत सोमल आहे तेथें तो कोंड्यांतच अधिक सांचतो. तांदूळ चांगला भिजवून, भरपूर पाण्यांत शिजवावा लागतो. घरांत महिन्याभराहून अधिक भरून ठेवूं नये, खवट होतो. ज्यांना दांतांची किंवा पचनाची तक्रार आहे त्यांना उकडा सोसतो. प्रभादेवीच्या ज्या दुकानांत असडी तांदूळ सुबक पुड्यांतून पांढऱ्याहून महाग विकला जातो, त्याच दुकानांत खालच्या फळीवर उकडा पडलेला असतो, आणि त्याकडे कोणी पाहत नाहीं.

१५ ऑगस्ट २०२१ रोजीं पंतप्रधानांनीं लाल किल्ल्यावरून जाहीर केलें कीं, २०२४ पर्यंत सरकारी योजनांतून दिला जाणारा सर्व तांदूळ पोषक द्रव्यें मिसळलेला असेल. त्याची कृति अशी: गिरणींत सडलेल्या तांदळाचें पीठ करावयाचें, त्यांत पोषक द्रव्यें घालावयाचीं, यंत्रानें त्याचे पुन्हां तांदळाच्या आकाराचे दाणे पाडावयाचे, आणि शंभर दाण्यांमागें असा एक दाणा मिसळावयाचा. त्यांत जीं द्रव्यें असलींच पाहिजेत असें ठरलें, तीं तीन: लोह, ब-१२ आणि परळच्या ल्यूसी विल्स बाईंचें फॉलिक आम्ल. कोंड्याबरोबर गेलेलें ब-१ घालावें कीं न घालावें, हें मात्र तयार करणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यांत आलें.